धुतलेली माळ

“ही कुणी धुतली?” तोरदिसनं विचारलं.

तिनं माळ तळघराच्या खिडकीकडे धरली होती. लाकडाचे कोरीव तुकडे एकमेकांत अडकवून केलेली, ताटाएवढी गोल माळ. एकेक फट पांढरी स्वच्छ. गुडमुंडनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

बाकी सगळं तिला पसंत पडलं होतं. दीडशे लिटरचं लाकडी पिंप, तांब्याचा हंडा, ढवळायचा दांडा. खरेदीला ती दोन घाट ओलांडून आली होती.

“गुडमुंड, पिंप मला कुठेही मिळेल हो,” ती हळूच म्हणाली. “मी आले ती हिच्यासाठी. हिच्यातल्या विरजणासाठी.”

*

जाहिरात, गुडमुंडनं लिहिली तशी:

*विकणे आहे. घरी बिअर करायचं पिंप, हंडा, दांडा. जुनं आहे. सोबत विरजणाची माळ. विरजणाचे पैसे घेणार नाही.*

जाहिरात, बर्गन शहरातून मुलानं सुधारून टाकली तशी:

*विकणे आहे. घरगुती बिअरचं पारंपरिक साहित्य, विरजणाच्या माळेसह. सर्व वस्तू स्वच्छ धुतलेल्या.*

हे ‘स्वच्छ धुतलेल्या’ गुडमुंडनं वाचलं आणि तो अस्वस्थ झाला. वस्तू धुतलेल्या नव्हत्या. छापून आलंय, तर खरं करायला हवं.

*

छत्तीस वर्षं तो दूध डेअरीत टाक्या धुवायचा. टाकीत उतरायचं, सोड्याचं गरम पाणी, ब्रश, पुन्हा पाणी. कालच्या दुधाचा वास आजच्या दुधाला लागता कामा नये. त्याच्या टाक्या तपासायला साहेब पुढेपुढे येईनासेच झाले. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी त्याला घड्याळ दिलं आणि म्हणाले, “तुझ्या हाताला विसरायला शिकवायला हवं आता.” सगळे हसले.

घरात मात्र एक वस्तू अशी होती की तिला पाणी लावायचं नाही. बिअर तयार झाली की तळाशी बसलेल्या साक्यात माळ बुडवायची आणि खिळ्याला वाळत टांगायची. विरजण फटींमध्ये झोपून राहतं. पुढच्या खेपेला माळ पिंपात सोडली की जागं होतं. वडलांनी तसं केलं, त्यांच्या वडलांनी केलं.

आणि माळ सोडताना ओरडायचं. पोटातून, घर दणाणेल असं. न ओरडता टाकलेलं विरजण उठत नाही, आणि उठलं तरी त्याच्यात जीव नसतो, असं खोऱ्यातली माणसं मानतात. गुडमुंडची आरोळी नदीपलीकडे जायची.

मागच्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं. कुजबुज तेवढी उरली. मुलगा म्हणाला, “बाबा, फोनवरची एखादी आरोळी लावा की.” गुडमुंड त्याच्याशी तीन दिवस बोलला नाही. फोनवर त्याची कुजबुज तशीही ऐकू येत नसे, त्यामुळे मुलाला ते कळलंच नाही.

मग जाहिरात. मग दोन दिवस धुणं. सोड्याचं पाणी, ब्रश, पुन्हा पाणी. माळेची पाळी आली तेव्हा हात चालूच होते. पाणी तपकिरी झालं, त्याला संत्र्याच्या सालीसारखा वास आला. तो वास गुडमुंडला जन्मापासून ठाऊक होता. तरी हात थांबले नाहीत.

*

“एक तास थांबशील?” त्यानं कुजबुजत विचारलं.

“थांबते. पण तासाभरात काय होणार?”

“शेजारी जाऊन येतो.”

तोरदिस त्याच्याबरोबर निघाली. माळ तिच्या हातात तशीच राहिली होती.

शेजारी म्हणजे आसलाक. एकोणीस वर्षांपूर्वी आसलाकची बायको गेली. दफनाच्या दिवशी पाहुण्यांना त्यानं स्वतः केलेली बिअर दिली. गुडमुंडनं घोट घेतला आणि चारचौघांत म्हणाला, “आंबलीय रे.” ती खरंच आंबली होती. पण ते त्या दिवशी बोलायचं नव्हतं. तेव्हापासून दोघांत शब्द नाही. आसलाकचं विरजण मात्र मूळचं गुडमुंडच्या घरचं, त्याच्या वडलांनी दिलेलं.

आसलाकनं दार अर्धंच उघडलं.

“काय हवंय?”

गुडमुंड कुजबुजला.

“मोठ्यानं बोल.”

“येत नाही.”

“ठाऊक आहे. गावात काय लपतं? तरी पुन्हा म्हण.”

“विरजण मेलं आमचं,” गुडमुंड म्हणाला. “मीच मारलं. सोड्यानं धुतलं.”

आसलाकनं आधी त्याच्याकडे पाहिलं. मग तोरदिसच्या हातातल्या पांढऱ्या माळेकडे. “डेअरीवाला,” तो म्हणाला, आणि दार पूर्ण उघडलं. “पाय पुसून या. नाहीतर हा माझी फरशीही धुवायला घेईल.”

त्याची माळ माळ्यावर होती, फडक्यात गुंडाळलेली. सहा वर्षं वापरली नव्हती. काळपट, खपल्या धरलेली. आसलाकनं तिला नाक लावलं आणि ती गुडमुंडपुढे धरली. गुडमुंडनंही वास घेतला. धूळ, जुनं लाकूड. संत्र्याचा वास होता की आठवत होता, त्याला सांगता येईना.

“जिवंत असेल?” तोरदिसनं विचारलं.

“मला काय विचारतेस? चव कळणारा माणूस हा आहे,” आसलाक म्हणाला.

गुडमुंडनं मान खाली घातली. “त्या दिवशी मी बोलायला नको होतं.”

“हं,” आसलाक म्हणाला. “आंबली होतीच ती.” आणि त्यानं चुलीवर पातेलं ठेवलं.

माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचं, पाणी उकळलं, कोमट होऊ दिलं. आसलाकनं माळ पातेल्यावर धरली आणि थांबला.

“ओरड.”

“तू ओरड. मला...”

“तुझ्या बापाचं विरजण आहे. मी का ओरडू?”

गुडमुंड उभा राहिला. पाय फाकवून, मुठी आवळून, तळघरात पिंपापाशी उभा राहायचा तसा. तोंड उघडलं. मानेच्या शिरा फुगल्या, चेहरा लाल झाला. बाहेर आली ती नुसती हवा, फाटक्या भात्यासारखी. ती पुष्कळ वेळ येत राहिली.

तोरदिसनं खिडकीकडे तोंड फिरवलं. आसलाकनं हवा संपेपर्यंत वाट पाहिली, मग माळ पाण्यात सोडली आणि झाकण ठेवलं.

“ऐकलं त्यानं,” तो म्हणाला.

मग कॉफी झाली. लोणी लावलेल्या लेफ्सच्या मऊ पोळ्या झाल्या. तोरदिस तासाभरात निघणार होती, ती बसूनच राहिली. चौथ्या कॉफीला आसलाकनं झाकण उचललं. कडेला करड्या फेसाची नखाएवढी रेघ होती. त्यातला एक बुडबुडा फुटला. मग दुसरा.

संध्याकाळपर्यंत पातेलं फेसानं भरलं. तोरदिसनं बरणीभर विरजण घेतलं. पिंप, हंडा, दांडा गाडीत चढले. गुडमुंडची धुतलेली माळ आसलाकनं कुणाला न विचारता पातेल्यात बुडवली, निथळू दिली आणि त्याच्या हातात दिली.

“ही विकायची नाही,” तो म्हणाला.

*

जाहिरात, आता:

*विकले.*

तळघर मोकळं झालं होतं. पिंपाच्या जागी फरशीवर फिका गोल उरला होता. गुडमुंडनं माळ खिळ्याला टांगली. तिच्यातून एक थेंब घासलेल्या फरशीवर पडला, थोड्या वेळानं दुसरा. कोपऱ्यात फडकं होतं, हाताच्या अंतरावर.

तो तिथेच स्टुलावर बसला आणि थेंब पडू दिले.