बॉनेटवरचा पेला

"हंसा, सरळ धर गं जरा! टॉर्च आहे तो, आरती नाही ओवाळायचीय."

बॉनेटखाली अगदी माझ्या कानाशी आमचे हे पुटपुटले. टॉर्च मी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. हलत होता तो त्यांच्या हातातला पाना. तरी मी "सॉरी हं" म्हटलं आणि टॉर्च उगाच इंचभर पुढे सरकवला.

शांती नगरात यांना सगळे अजून सरच म्हणतात. तीस वर्षं ड्रायव्हिंग क्लास चालवला, अर्ध्या सेक्टरला क्लच सोडायला शिकवलं. ही जुनी फियाट मात्र घरची. रुचिता जन्मली तेव्हा तिला हिच्यातूनच घरी आणलं होतं. आता रुचिताचेच दिवस भरत आलेत, आणि 'नातवंडाला हॉस्पिटलातून मीच आणणार, याच गाडीतून' असं यांनी डोहाळजेवणात चाळीस बायकांसमोर जाहीर करून टाकलंय.

दिवाळीपासून एकच तक्रार, स्टिअरिंग थरथरतं. माउंटिंग गेलंय म्हणाले. खोटं नव्हतं ते. इंजिन ज्या रबरी ठोकळ्यांवर बसतं ते खरंच फाटले होते. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! डॉक्टरांनी लिहिलेला शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नाही. तो कागद देव्हाऱ्याच्या खणात उदबत्त्यांच्या पुड्याखाली आहे. मी यांना चहा अर्धाच कप देते. "कंजूष झालीस," म्हणतात. मी म्हणते, "दूध महागलंय."

तर या गाडीची माउंटिंग आता कुठे मिळेनात. मिळाली ती कुठल्याशा टेम्पोची. बोटभर उंच, आणि बोल्टची भोकं भलतीकडेच. वरसाव्याचा राघो, यांचा जुना विद्यार्थी, गावात आतल्या गल्लीत गॅरेज चालवतो. त्यानं डोहाळजेवणाच्या पेढ्यांचा खोका कापून पुठ्ठ्याचं माप काढलं. त्यावरून जाड लोखंडी पट्टी कापली, भोकं गोल कानशीनं घासून लांबट केली, खालची बैठक कापून तेवढीच खाली घेतली आणि वेल्डिंग केलं. आमचे दोन रविवार त्याच्या गॅरेजातच गेले.

"लगेच आवळू नकोस रे," हे शिकवत होते. "आधी इंजिन चालू दे. त्याचं ते बसेल नीट, मग आवळ."

राघोला काय ते ठाऊक नसेल? पण तो "हा सर, हा सर" करत राहिला. हे हात धुवायला गेले तेव्हा मात्र हळूच मला म्हणाला, "वैनी, बाळाला आनायला सर सोताच चालवनार हायेत?"

मी म्हटलं, "चहात साखर कमी झाली का रे?"

त्यानं खाली बघत कप संपवला.

सगळं बसल्यावर राघोनं गाडी चालू केली, बोल्ट आवळले आणि स्टीलचा पेला काठोकाठ भरून बॉनेटवर ठेवला. त्याची ही नेहमीची परीक्षा. पाण्यावर बारीक सुरकुती दिसत होती, पण थेंब सांडला नाही. तीस वर्षांच्या गाडीला याहून काय हवं!

"सर, बसा आता. बगा."

हे बसले. दोन्ही हात स्टिअरिंगवर, विद्यार्थ्यांना दाखवायचे तसे, दहा वाजून दहा मिनिटांवर. हात बारीक झाल्यापासून यांच्या घड्याळाचा पट्टा सैल झालाय. तो स्टिअरिंगवर वाजायला लागला. टक टक टक टक.

पेल्याकडे आम्ही तिघांनी पाहिलं. मग मी समोरच्या भिंतीकडे.

"अजून थोडा हाय वाटतं," राघो घाईनं म्हणाला. "उजवीकडचं खोलतो सर. पुढच्या रविवारी दुसरं माउंटिंग बगतो."

"हो हो, बघूया ना," मीपण म्हटलं.

यांनी चावी फिरवली. इंजिन बंद झालं. पेल्यातलं पाणी आरशासारखं झालं.

टक टक टक टक.

ते तसेच बसून होते, हात न काढता.

"राघो, दुसरं माउंटिंग नको आणूस," ते म्हणाले. "गाडी तर बंद आहे. थरथरतोय तो मी. बाळाला आणायला तूच चालव. मी बाजूला बसेन. बाळाला हंसा घेईल."