हमाल बावीस

"विसर्जन कर दिया," मनोहरलाल सेठ म्हणाले आणि त्यांनी हात जोडून कपाळाला लावले.

अश्विनला आधी वाटलं, सेठजी गणपतीचं काहीतरी सांगताहेत. तो विचारत होता जुन्या कम्प्युटरबद्दल. तिरोड्याच्या त्या राईस मिलमध्ये दसऱ्याला नवा कम्प्युटर बसला, तेव्हा जुना ऑफिसच्या कोपऱ्यात पोत्याखाली झाकून ठेवला होता. आज पोतं होतं, खाली धुळीत चौकोनी डाग होता, कम्प्युटर नव्हता.

"कशाचं विसर्जन, सेठजी?"

"अरे, कम्प्युटर का! लक्ष्मीपूजन को पूजा की, पौर्णिमा को बोदलकसा तालाब में छोड़ आए. ग्यारह साल लक्ष्मी लाया, भाई. कबाड़ी को कैसे देते?"

अश्विन मटकन खाली बसला. मागे खुर्ची नव्हती, धानानं भरलेला कट्टा होता, म्हणून वाचला.

आता तुम्ही हसाल. पण जुन्या वह्या दिवाळीनंतर पाण्यात सोडायची रीत आपल्या व्यापाऱ्यांत जुनीच आहे. वही म्हणजे लक्ष्मी, ती रद्दीत घालत नाहीत. आणि अकरा वर्षांपूर्वी ह्याच अश्विननं ह्याच ऑफिसात छातीठोक सांगितलं होतं, "सेठजी, आजपासून हीच तुमची वही." सेठजींनी ते मनापासून ऐकलं होतं. आपणच शिकवायचं आणि आपल्यालाच ते भोवायचं, अशातली गत.

तेव्हा, म्हणजे १९९९ साली, गोंदियात अश्विन आणि त्याचा मित्र धनेंद्र यांनी 'दुवा' नावाची कंपनी काढली. कंपनी म्हणजे काय, तर धनेंद्रच्या वडिलांच्या खताच्या दुकानावरची एक खोली, दोन कम्प्युटर आणि युरियाचा वास. धनेंद्र जमीनदार पवार घरातला, त्याच्याकडे ओळखी. अश्विन हमालाचा पोरगा, त्याच्याकडे डोकं. कल्पना अशी, की मिलमधला कम्प्युटर आणि गोंदियातल्या विक्री ऑफिसातला कम्प्युटर फोनच्या तारेनं जोडायचा. मिलमध्ये आज किती धान आलं, किती कांडलं, किती माणसं लागली, ते संध्याकाळी गोंदियात दिसलं पाहिजे. लोक म्हणायचे, फोनवरून बोलणं धड ऐकू येत नाही आणि हे आकडे पाठवायला निघाले!

पहिलं गिऱ्हाईक मनोहरलाल सेठ. पहिले सतरा दिवस काही जमलं नाही. फाइल अर्ध्यात पोचायची आणि लाइन तुटायची. अठराव्या दिवशी अश्विननं फाइलीतलं जास्तीचं काय ते काढून तिला हलकी केली, आणि संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गोंदियाच्या पडद्यावर तिरोड्याचे आकडे सरसर उतरले. धनेंद्रनं टेबलावर उडी मारली. सेठजींनी पेढे वाटले आणि हजेरीची, आवक-जावकीची जुनी रजिस्टरं त्याच दिवाळीला तळ्यात सोडली. पुढं दहा-अकरा वर्षांत सौंदडपासून दरेकशापर्यंत एकतीस मिल आणि गोदामं 'दुव्या'नं एकमेकांना जोडली. त्यातले निम्मे मिलवाले सेठजींचे सोयरे.

अश्विनचे वडील सेवकराम त्याच मिलमध्ये पाठीवर कट्टे वाहत. पोराची कंपनी झाली तरी त्यांनी काम सोडलं नाही. "तुहा कंपूटर तुले, माहा कट्टा मले," म्हणायचे. चैतराम मुकादमाची बावीस जणांची टोळी, तिच्यातले ते. यंदाच्या पावसाळ्यात मिलमध्ये कट्टे वाहणारा पट्टा बसला आणि टोळीला घरी बसवलं. टोळी लेबर कोर्टात गेली. तिथं मिलच्या वकिलानं सांगितलं, ही माणसं आमची नव्हतीच, मुकादम रोज कुणालाही धरून आणायचा. साहेबांनी टोळीला विचारलं, तुम्हीच बावीस जण इतकी वर्षं तिथं होता, याला लेखी काही? सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. तेव्हा सेवकराम उठून भर कोर्टात बोलले, "आहे ना, साहेब. माह्या पोराच्या कंपूटरात साऱ्यायचे नावं आहेत." साहेबांनी पंधरा डिसेंबरची तारीख दिली. एकवीस घरांनी त्या एका वाक्यावर दिवाळी काढली.

आणि ते वाक्य आता बोदलकशाच्या तळाशी बसलं होतं. जगाला बॅकअप घ्या, बॅकअप घ्या म्हणून ओरडणाऱ्या अश्विननं आपल्या पहिल्या गिऱ्हाइकाच्या सीड्या कपाटात ठेवल्या आणि त्यांना बुरशी लागली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. नव्या कम्प्युटरमध्ये हजेरीचा भाग घेतलाच नव्हता, कारण हमालच उरले नव्हते. गोंदियाच्या ऑफिसात जुने आकडे दर महिन्याला पुसले जात.

मिलच्या फाटकाबाहेर येऊन त्यानं धनेंद्रला फोन लावला.

"मुद्दाम केलं यार त्यांनी. कोर्टात नावं येऊ नयेत म्हणून बुडवला. पूजेचं नुसतं सोंग."

"काकाजी तसे नाहीत," धनेंद्र म्हणाला. सेठजी त्याच्या वडिलांच्या नात्यातले. "पण राहू दे. तळं काही समुद्र नाही. काढू."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं बोदलकशाला गेले. केवळराम नावाचा मासे धरणारा माणूस डोंग्यात बसला होता. त्याला सगळं सांगितल्यावर त्यानं वल्हं खाली ठेवलं.

"पौर्णिमेले सेठनं टीव्ही बुडवला, तो का?"

"टीव्ही नाही, कम्प्युटर."

"मी म्हनलो, काऊन बुडवून राहिले बाप्पा, चांगला तं दिसते! आरती गाऊन, फुलं टाकून बुडवला. सेठ तं रडून राहिला होता."

केवळरामनं तीन बुड्या मारल्या. चौथ्या बुडीला तो वर आला तो पांढरा पत्र्याचा डबा छातीशी धरून. डब्याला लाल धागा बांधलेला, वर हळदीकुंकवाचा ओघळ, फटीत झेंडूच्या पाकळ्या, आणि आतून पाण्याबरोबर एक इवलीशी मासोळी सुळकन बाहेर पडली. काठावर ठेवल्यावर केवळरामनं त्याला नमस्कार केला. अश्विनला आपल्या संशयाची लाज वाटली.

आतली डिस्क धनेंद्रनं त्याच दिवशी नागपूरला नेली. सीताबर्डीत असली बुडालेली, जळालेली डिस्क जिवंत करणारा एक जण होता. तो म्हणाला, भरवसा देत नाही. नऊ दिवस अश्विन नागपूरच्या फोनची वाट बघत राहिला. वडील मात्र निवांत. रोज सकाळी विचारायचे, "वाचला का रे तुहा कंपूटर?" कुणाचा ताप उतरला का विचारावं तसं. दहाव्या दिवशी फोन आला, सगळं निघालं, एक अक्षर गेलं नाही.

अश्विननं वडिलांना सांगितलं, आणि वडिलांनी अख्ख्या टोळीला. डिसेंबरच्या अकरा तारखेला दुपारच्या गाडीनं सगळी टोळी गोंदियाला आली. धुतलेले सदरे घालून खताच्या दुकानावरच्या खोलीत बावीस माणसं चटईवर दाटीवाटीनं बसली. चैतराम मुकादमानं सोबत पेढ्याचा पुडा आणला होता. सेवकराम पोराच्या शेजारी, खुर्चीवर. आयुष्यात पहिल्यांदा ते त्या खुर्चीवर बसले होते आणि अवघडून काठावरच टेकले होते.

"लाव," ते म्हणाले. "पयले चैतरामचं नाव दाखव. मुकादम आहे तो."

अश्विननं हजेरी उघडली. पहिलं पान, नोव्हेंबर १९९९. तारीख, आवक, कांडप, जावक. आणि शेवटी एक कप्पा.

हमाल : २२.

त्यानं दुसरं पान उघडलं. हमाल : २२. तिसरं. २२. पुढं २००१, २००५, २००९. कुठं २०, कुठं २१, बहुतेक २२. नाव नाही. चैतराम नाही, श्यामलाल नाही, मनिराम नाही, सेवकराम नाही. त्यानं पानं भराभर मागे-पुढे केली, जणू नावं कुठं खाली पडली असतील.

आणि मग त्याला तो अठरावा दिवस आठवला. फाइल जड होती ती नावांनी. रोजची बावीस नावं, बापाच्या नावासकट. लाइन तेराव्या-चौदाव्या नावावर तुटायची. सेवकराम यादीत सोळावे, तिथपर्यंत ती कधी पोचलीच नव्हती. सेठजी हसून म्हणाले होते, "हमालों के नाम का क्या करना है? मजूरी तो मुकादम बाँटता है. गिनती भेज दो." तेवीस वर्षांच्या अश्विननं क्षणभरही विचार केला नव्हता. दहा मिनिटांत नावांचा कप्पा उडवला आणि तिथं आकडा ठेवला. त्याच संध्याकाळी पेढे खाल्ले. चोर बाहेर शोधत फिरला आणि दिव्याखालीच अंधार निघाला.

"काऊन थांबला रे?" वडिलांनी विचारलं.

अश्विननं सांगितलं. एकदा सांगितलं ते कुणाला कळलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं. नावं नाहीत. कधीच नव्हती. मीच काढली.

चैतरामच्या मांडीवर पेढ्याचा पुडा तसाच होता. धनेंद्र दारात उभा होता. टेबलावर मारलेली ती उडी त्यालाही आठवली असणार. सेवकराम पडद्याजवळ वाकले. त्यांना अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते. हमाली करणाऱ्याला आकडे यावेच लागतात. त्यांनी काचेवर बोट ठेवलं.

"हे बावीस आमीच ना?"

"हो, बाबा."

"मंग याच्यातला मी कोनता?"

अश्विनच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तो काहीतरी शोधायचं म्हणून शोधू लागला आणि एका तारखेवर थांबला. नऊ मार्च २००४. त्याच्या मुलीचा, दीप्तीचा जन्म. त्या दिवशी वडील काम सोडून दवाखान्यात दिवसभर बाकावर बसले होते. टोळीतले बाकी सगळे कामावर होते.

हमाल : २१.

"हे तुम्ही, बाबा," तो कसाबसा म्हणाला. "ह्या दिवशी तुम्ही नव्हता."

सेवकराम यांनी त्या आकड्यावरही बोट ठेवलं. मग त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "हे कोर्टात दाखवता येते का? मी नव्हतो म्हनून?"

मागं कुणीतरी हुंदका दिला. अश्विननं तोंड पुसलं.

"हे नाही दाखवता येत. पण मला उभं राहता येतं. जुन्या रजिस्टरात बावीस नावं होती, ती मी डोळ्यांनी पाहिली, मीच भरली आणि मीच काढली, हे मी साहेबांना लिहून देतो."

"अश्विन," धनेंद्र पुढं आला. "काकाजींच्या विरुद्ध? तुला कळतंय का? एक मिल जाणार नाही यार, सगळ्या जातील. 'दुव्या'वर उद्या कोणी विश्वास ठेवणार नाही."

"कळतंय."

धनेंद्र खिडकीकडं गेला. खाली त्याच्या वडिलांचं दुकान होतं, रस्त्यावर युरियाचे कट्टे उतरवत होते. मग कपाटातून त्यानं एक कोरा ताव काढला, अश्विनच्या पुढ्यात ठेवला आणि बाजूला टेकून बसला.

अश्विननं पेन उघडलं आणि वर पहिलं नाव घातलं, सेवकराम. वडिलांना वाचता येत नव्हतं, पण आपल्या नावाचा आकार ते ओळखत. त्यांनी पोराचा हात धरला.

"खोड ते. माहं शेवटी लिव. यायले जबान मी देल्ली होती."

अश्विननं नाव खोडलं. चैतराम मुकादम घसा खाकरून उठला आणि एकेक नाव सांगू लागला.