भिंतीकडे तोंड करून

मित्रांनो, मी एक जुना कॅनव्हास आहे. कॉलेजच्या चित्रकला मंडळाच्या खोलीत माझं आयुष्य गेलं. सुताराने चौकट ठोकली, तिच्यावर मला ताणून खिळे मारले, तेव्हा थोडं दुखलं होतं. पुढे काही दुखेनासं झालं. माझ्यावर इतक्यांदा पांढरा रंग चढला की कोणी हात लावला तरी मला पत्ता लागत नसे.

वर्षाच्या सुरुवातीला मंडळाची खोली माणसांनी फुलून जाते. प्रदर्शन येईपर्यंत निम्मी मंडळी गळतात. तिथला एक नियम आहे. ज्याचं चित्र फसलं, त्याने कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवायचा. प्रदर्शनाआधीच्या साफसफाईत अशा सगळ्यांना सरसकट पांढऱ्या रंगाचा हात मिळतो आणि ते पुढच्यांसाठी तयार होतात. माझ्यावर घोडे झाले, बाटल्या झाल्या, एका सरांचं नाकही झालं. सगळे गेले. मला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

यंदा मी एका बुटक्या मुलीच्या वाट्याला आलो. सगळे तिला ठिपका म्हणत. तिचे वडील सुट्टीत वारले होते. फोटो काढायचा म्हटलं की ते चष्मा उतरवून ठेवत, त्यामुळे फोटोतला माणूस घरच्यांना परकाच वाटे. म्हणून ठिपकाने त्यांना चष्म्यासकट रंगवायला घेतलं. प्रदर्शनाला आई येणार होती. चित्र तिच्यासाठीच होतं.

तास संपले की ठिपका यायची. ना हसायची, ना डोळे पुसायची. आम्हा दोघांचं बरं जमलं. चष्म्याची काळी फ्रेम तिने सुरीने रंग थापून थापून उभी केली. डोळे तेवढे राहिले. तिथे आलं की तिचा हात थांबायचा. एका संध्याकाळी तिला त्या बिनडोळ्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. तिने मला उचललं आणि भिंतीकडे वळवून ठेवलं. नियम तिला ठाऊक होता, पण तेव्हा नियम कुठला आठवायला!

दुसऱ्याच दिवशी साफसफाई निघाली. मंडळाचा सेक्रेटरी ताडमाड उंच, म्हणून त्याला शिडी म्हणत. त्याने मला फिरवलं. डोळे नसलेला चेहरा बघून त्याला चित्र फसलेलंच वाटलं. मोठा ब्रश फिरवून तो पुढच्याकडे वळला.

ठिपका आली तेव्हा मी सुकलो होतो.

"अगं, भिंतीकडे होता ना तो!" शिडीचा चेहरा उतरला. "मला वाटलं..."

"असू दे," ती म्हणाली. एवढंच. प्रदर्शनात तिने मला तसाच, पांढराफटक टांगलं.

आई आली. माझ्यासमोर उभी राहिली.

"हे काय गं?"

"बाबा होते. पुसले गेले."

चित्रांना हात लावू नये, अशी पाटी शेजारीच होती. आईने हात लावला. तिचं बोट पांढऱ्या रंगाखालच्या एका उंचवट्यावर अडलं, गोल फिरलं, नाकावरून पलीकडे गेलं.

"चष्मा," ती म्हणाली. "आणि डावीकडे कललेला. ह्यांचा असाच असायचा बघ."

तेव्हा ठिपका रडली. आईने तिचा हात धरून त्या उंचवट्यावर ठेवला. किती वर्षांनी मला बोटं कळली, मित्रांनो!

आता मी त्यांच्या घरी आहे, पांढराच. माझं एवढंच ऐका. कोणी भिंतीकडे तोंड करून उभं दिसलं, तर ते टाकून दिलेलं आहे असं धरून चालू नका. ब्रश उचलण्याआधी एकदा विचारा.