पट्ट्यांची टकटक

गेल्या शरदात सेंतेशच्या बाजारात आंब्रुशने चारचौघांत सांगितलं होतं, की बर्तालान सुताराने आपल्याला चाक फिरवून वाजवायचं तारांचं वाद्य, तेकेरो नाही, खुळखुळा विकला. तेव्हापासून दोघांत विळ्याभोपळ्याचं सख्य. तरी आज त्याच सुताराची पायरी चढणं भाग पडलं. चाक फिरवून सूर धरताना तेकेरोच्या बोटांनी दाबायच्या लाकडी पट्ट्या टकटक करत होत्या, आणि जोडीच्या क्लॅरिनेटवाल्या वेंदेलने तंबी दिली होती, "काका, उद्या बोदोरांच्या लग्नात हा आवाज आला, तर मी दुसरा तेकेरोवाला बघणार." आत्ताही तो फाटकापाशी पाइप ओढत उभा होता.

"या, खुळखुळेवाले!" बर्तालान म्हणाला. "नाचता येईना, अंगण वाकडं."

"तोंड आवर आणि झाकण उघड." आंब्रुशने तेकेरो त्याच्यापुढे ठेवला.

बर्तालानने तारा चाकावरून उचलून बाजूला अडकवल्या, म्हणजे सूर बंद आणि ऐकू येईल ते नुसतं लाकूड. मग एकेक पट्टी दाबून सोडली. प्रत्येक पट्टी आपल्या वजनाने निमूट मागे आली. खाचेत एकही डुगडुगत नव्हती. खालचं नमद्याचं, दाबलेल्या लोकरीचं अस्तरही शाबूत होतं.

"आता तू दाब."

आंब्रुशने वाद्य मांडीवर घेऊन चौथी पट्टी दाबली. टक. टकटकटक. बोट पट्टीवर ठरतच नव्हतं.

त्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. वर्षभर हात कापत होता, आणि वर्षभर या सुताराला शिव्या घालून त्याने ते स्वतःपासूनही लपवलं होतं. आता हा मेला हसणार, गावभर डांगोरा पिटणार. आंब्रुशने उलट शिवी जिभेवर तयार ठेवली.

बर्तालान हसला नाही. त्या हाताकडे त्याने एकदा पाहिलं, आणि दारात जाऊन हाक मारली.

"वेंदेल! चूक माझीच रे. लाकूड कच्चं वापरलं मी. जाड नमदा घालून देतो, उद्या आवाज यायचा नाही. म्हाताऱ्याला ने लग्नाला."

आंब्रुशच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच्या शिव्या त्याने आनंदाने खाल्ल्या असत्या. याची भीक? तो बर्तालानला ढकलून अंगणात आला.

"वेंदेल, हा डुक्कर खोटं बोलतोय! पट्ट्या धड आहेत. हात माझा गेलाय. बघ जा दुसरा कोणी!"

 वेंदेलने पाइप झाडला आणि माणूस शोधायला गावाकडे निघाला.