तिसऱ्या मणक्याचा डोळा

"थोरल्या डॉक्टरांच्या वेळी आधी फोटो निघायचा, मग पाठीला हात लागायचा," ग्लेनिस शेजारच्या रिकाम्या खुर्चीला सांगत होती. "हल्ली नुसते प्रश्न. झोप लागते का, वजन उतरलं का. मेंढ्यांचा डॉक्टरसुद्धा एवढं विचारत नाही."

"मेंढ्या खोटं बोलत नाहीत, म्हणून," तिचा नवरा ट्रेव्हर म्हणाला. तो भिंतीला टेकून उभा होता. बसणं त्याला महिनाभर जमत नव्हतं.

मणके बसवायच्या त्या दवाखान्यात बाहेरची खोली आणि तपासायची खोली यांच्यामध्ये एक पातळ फळी होती. आत ब्रॉनविनला सगळं ऐकू येत होतं. एरवी तिने आतूनच टोला परतवला असता. आज ती वॅगाच्या मोठ्या इस्पितळातून आलेल्या अहवालाची घडी तिसऱ्यांदा उलगडून पुन्हा घालत होती.

गेल्या हिवाळ्यात तिने वडिलांकडून, म्हणजे लिंडसेकडून, हा दवाखाना घेतला आणि सगळ्यात आधी एक्स-रे फोटोचं मशीन भंगारात काढलं. लिंडसे गावातल्या प्रत्येक पाठीचा दरवर्षी फोटो काढायचा. मग लाल पेन्सिलीने मणक्यांवर रेघा ओढायचा, कोन मोजायचा आणि पाठ किती अंश वाकली ते सांगून माणसाचा जीव टांगणीला लावायचा. ब्रॉनविनचं म्हणणं असं, की चाळीस वर्षं ओणवं राहून मेंढ्या कातरणाऱ्याची पाठ वाकडी दिसणारच. बहुतेक पाठी आपोआप बऱ्या होतात. फोटो काढायचा तो धोक्याची खूण दिसली तर. म्हणणं बरोबरच होतं. तिचं म्हणणं नेहमीच बरोबर असायचं, घरच्यांना त्याचा थोडा जाचच होता.

ट्रेव्हरला तिने एकूण एक प्रश्न विचारले होते. झोप? "मेल्यासारखी." वजन? "वजन कसलं, पँट जुनी झालीय, सैल पडलीय." सहा आठवडे ती त्याची पाठ दाबत राहिली. सहाव्या आठवड्यात ग्लेनिस निघता निघता बोलून गेली, की हा रात्रभर स्वयंपाकघरात उभा असतो, ओट्यावर डोकं टेकून. ब्रॉनविनने त्याच दिवशी त्याला वॅगाला तपासणीला पाठवलं.

कमरेच्या तिसऱ्या मणक्याची डावी बाजू पोखरली होती. वॅगाच्या डॉक्टरांनी नवराबायकोला समोर घेऊन आजाराचं नाव घेऊन सांगितलं होतं. गाडी घरी पोचेपर्यंत त्या नावाची 'सावली' झाली. गावानेही मग तोच शब्द उचलला.

"या आत," ब्रॉनविन म्हणाली.

ग्लेनिसने काखेतला गठ्ठा टेबलावर टाकला. नऊ तपकिरी पाकिटं, प्रत्येकावर लिंडसेच्या अक्षरात साल.

"घरी कपाटामागे होती. सिडनीच्या इस्पितळाने जुने फोटो मागवलेत. सावली कधीपासून आहे ते बघायचंय म्हणे. एवढं ओझं कोण नेणार? तूच निवडून दे."

लिंडसे चहाचे मग घेऊन आत आला. निवृत्त झाल्यापासून तो रोज सकाळी चहा करायला यायचा. कुणी बोलावलं नव्हतं, आणि त्याला नको म्हणायची छाती कुणाला झाली नव्हती.

"ती रद्दी कशाला नेताय," तो म्हणाला. "वाकडेपणाशिवाय काही नाही त्यात."

"तूच सरळ केलास ना मला," ट्रेव्हर म्हणाला. "नऊ वर्षांत चार अंश. निदान शवपेटीत तरी ताठ झोपेन."

कुणी हसलं नाही. ट्रेव्हरनेच थोडं हसून घेतलं.

ब्रॉनविनने शेवटचं पाकीट उघडलं. गेल्या एप्रिलचं. फोटो काचेवर अडकवून मागचा दिवा लावला.

ती दहा वर्षांची असताना याच काचेसमोर लिंडसेने तिला स्टुलावर उभं केलं होतं. समोरून बघितलं की कमरेचा प्रत्येक मणका म्हणजे घुबडाचं तोंड, त्याने सांगितलं होतं. दोन गोल डोळे, मध्ये चोच. पाच मणके, दहा डोळे. आधी डोळे मोजायचे. एखाद्या घुबडाचा डोळा मिटलेला दिसला तर तिथेच थांबायचं, पाठीला हात लावायचा नाही.

ब्रॉनविनने मोजले. नऊ भरले.

तिसऱ्या घुबडाला डावा डोळाच नव्हता. जिथे तो असायला हवा होता त्याला खेटूनच लाल रेघ गेली होती. पट्टी लावून ओढलेली, सुरेख. शेजारी कोन लिहिला होता.

मागे लिंडसेचे ओठ हलत होते. तोही मोजत होता.

"काय दिसतंय?" ग्लेनिसने विचारलं.

"हा नीट आलेला नाही," ब्रॉनविन म्हणाली. तिने फोटो काढून पाकिटात घातला आणि पाकीट रुग्णांच्या वहीखाली सरकवलं. "आधीचे तीन न्या. तेवढे पुरेत."

डॅड शहात्तर वर्षांचा आहे, तिने मनाशी म्हटलं. ट्रेव्हरचा गेलेला एक दिवसही यातून परत येणार नाही. पण त्याखाली आणखी एक गोष्ट होती, आणि ती तिला नीट ठाऊक होती. सहा आठवडे हे पाकीट ट्रेव्हरच्या कपाटामागे पडून होतं. जुने फोटो आणा, एवढंही तिने कधी म्हटलं नव्हतं. डॅडची रद्दी बघायचीच नाही, हा तिचा नियम.

"पण त्यांना शेवटचा तर हवाच आहे गं," ग्लेनिस म्हणाली. "दोनदा सांगितलं फोनवर."

ट्रेव्हर वहीकडे बघत होता. मग त्याने लिंडसेकडे बघितलं. तीस वर्षं दर शनिवारी दोघं क्लबात एकत्र बसत आले होते.

"म्हाताऱ्या, चहा सांडतोय तुझा."

लिंडसेने हातातला मग खाली ठेवला. ओला हात पँटला पुसला. वहीखालचं पाकीट ओढून काढलं आणि ग्लेनिसकडे न देता ट्रेव्हरच्या हातात दिलं.

"डॅड," ब्रॉनविन म्हणाली.

"हाच न्या," लिंडसे म्हणाला. "ट्रेव्हर, तुझा कॅन्सर गेल्या एप्रिलमध्येच यात दिसत होता. मी रेघ ओढत बसलो."