पाहुण्यांचा चमचा

चमचा बोलतोय म्हटल्यावर तुम्ही गालातल्या गालात हसणार, ठाऊक आहे मला. पण मी कुणाच्या पुढेपुढे करणारा चमचा नव्हे. मी चांदीचा आहे, माझ्या दांड्यावर द्राक्षाचं पान कोरलंय, आणि मला घडवलं ते फक्त पाहुण्यांसाठी. घरच्यांनी मला तोंड लावायचं नाही, हा आमच्या सर्बियातला जुना दंडक.

पाहुणा दारात आला की कॉफीच्या आधी त्याच्यापुढे तबक येतं. तबकात मुरवलेल्या फळांची वाटी, थंड पाण्याचे पेले आणि आम्ही चमचे. पाहुण्याने एक चमचा घ्यायचा, घराचं भलं चिंतायचं, वर पाणी प्यायचं आणि उष्टा चमचा वेगळ्या पेल्यातल्या पाण्यात सोडायचा. उष्टा चमचा पुन्हा वाटीत बुडवला, तर त्या माणसाची गावभर शोभा! घरधन्याने पाहुण्याला सोबत म्हणून घेतला तर चालतो, पण तोही एकच.

वाल्येवो गावच्या एका सोनाराने आम्हाला घडवलं, आणि आम्ही सहा भाऊ लेपोसावाच्या रुखवतात तिच्या सासरी आलो. काय हात होता त्या बाईचा! आलुबुखारं एकेक करून सोलायची, चुन्याच्या निवळीत ठेवायची, मग पाकात सोडायची. शिजल्यावरही फळ अख्खंच्या अख्खं राहायचं. पाहुणे बोटं चाटायचे आणि लेपोसावा स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाटीतलं उरलंसुरलं बोटाने संपवायची. म्हातारपणी साखरेने तिचा पाय गेला. ती गेली तेव्हा आम्ही सहाही जण तिच्या मुलीकडे, विदाकडे आलो.

विदा बसस्थानकावर तिकीट खिडकीत बसते. बस चुकली की लोक बसवर ओरडत नाहीत, खिडकीतल्या बाईवर ओरडतात. पण पूर्वी ते तिला एवढं लागायचं नाही. घरी तिचा नवरा असायचा, तिहोमीर. मोठा दिलदार गडी. वाटेत भेटेल त्याला धरून घरी आणायचा. कुलसंताच्या सणाला तर घरात पाय ठेवायला जागा नसायची, आणि मी या पेल्यातून त्या पेल्यात नुसता नाचत असायचो. ते दिवस आठवले की आजही जीव कासावीस होतो.

एका हिवाळ्यात तिहोमीर गेला. चाळीसाव्या दिवसापर्यंत माणसं येत राहिली. त्यांनी मेलेल्याच्या नावाने शिजवलेला गहू खाल्ला, विदाला पोटाशी धरलं आणि आपापल्या मार्गाला लागली. त्यांचंही चुकलं नाही म्हणा, प्रत्येकाला आपापलं घर असतंच. मुलगी नेवेना ऑस्ट्रियात वृद्धाश्रमात नोकरीला लागली. परक्यांच्या आया सांभाळायला ती तिकडे, आणि आई इकडे एकटी.

एक दिवस दुपारची पाळी संपवून विदा घरी आली. अंगातला कोटही न काढता ती स्वयंपाकघरात बसून राहिली. मग उठली आणि फडताळातून आलुबुखाराची बरणी काढली. रोजचे चमचे मोरीत उष्टे पडले होते, म्हणून तिने खण उघडून मला उचललं. वाटी नाही, तबक नाही, पाणी नाही. थेट बरणीत! माझ्या तर अंगावर काटाच आला. एक घास झाला, दुसरा झाला. नजर समोरच्या भिंतीवर. चवीची एक रेघ तिच्या चेहऱ्यावर उमटली नाही.

भुकेलं माणूस कसं खातं, ते मी पुष्कळ पाहिलंय. त्याचा चेहरा खुलतो. विदा खात नव्हती, भिंतीतला खड्डा बुजवावा तसं नुसतं भरत होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. किती महिन्यांनी कुणीतरी मला हातात धरत होतं, पण तो हात इतका थंड असायचा की मला वाटे, आपण लाकडाचे असतो तरी हिला कळलं नसतं.

मधेच नेवेनाचा फोन यायचा.

"आई, डॉक्टरकडे गेलेलीस? काय म्हणाले?"

"बरंय म्हणाले गं."

"आणि साखर?"

"आहे थोडी. म्हातारपण म्हणजे तेच की."

"आजीचा पाय आठवतो ना आई?"

"आठवतो गं बाई, आठवतो. ठेव आता, तुझं बिल वाढतंय."

डॉक्टर 'बरंय' म्हणाले नव्हते. असंच चाललं तर सुया टोचून घ्याव्या लागतील आणि पुढे आईच्याच वाटेने जाल, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. तिहोमीरच्या फोटोपुढे विदाने ते एकदा मोठ्याने म्हटलं, म्हणून मला कळलं. आणि फोटोशी बोलून झाल्यावर तिने पुन्हा बरणीच काढली.

आमच्याच मजल्यावर, समोरच्या घरात स्तामेंका मावशी राहतात. सत्तरीच्या, विधवा, तोंडाने फटकळ. एका रविवारी त्या नेलेली चाळण परत द्यायला आल्या आणि बसल्याच. विदाने लगबगीने तबक काढलं. घरात आता फक्त आंबट चेरीची एक बरणी उरली होती, तिच्यातली थोडी वाटीत काढली. मावशींनी माझ्या भावाला हातात घेतलं, एक चमचा खाल्ला, पाणी प्यायल्या, भावाला पेल्यात सोडलं. सगळं कसं रीतीप्रमाणे. त्यांना सोबत म्हणून विदाने मला घेतलं.

बोलता बोलता खिडकीवरच्या भांडणाचा विषय निघाला. कुणीतरी तिला 'आंधळी म्हातारी' म्हणालं होतं. सांगता सांगता विदाचा हात वाटीकडे गेला. मग पुन्हा गेला. पुन्हा गेला. मावशी बोलायच्या थांबल्या, तसं विदाने खाली पाहिलं. पाहुण्यांच्या वाटीत, पाहुण्याच्या देखत, मी उष्टा चमचा मानेपर्यंत बुडालो होतो.

"अगंबाई! मावशी... माझ्या लक्षातच नाही आलं."

"लक्षात कसं येईल? हाताला सवय झालीये. एकटं खाणाऱ्याचा हात असा चालतो." मावशींनी फडताळाकडे पाहिलं. "आलुबुखाराच्या बरण्या कुठायत गं?"

"संपल्या."

"सगळ्या? शाबास! म्हणजे पाहुण्यांचं सगळं तूच फस्त केलंस. बिचाऱ्या पाहुण्यांनी काय आता भिंती चाटायच्या?"

विदा हसली. आणि हसता हसताच तिला जे रडू फुटलं, ते काही केल्या थांबेना. दफनाच्या दिवशीही ती अशी रडली नव्हती.

"कुलूप उघडायच्या आधीच छातीत दाटून येतं, मावशी. मी आले की तो आतून म्हणायचा, 'आलीस का गं?' आता कुणी म्हणत नाही. मग मी बरणी काढते. तेवढा वेळ बरं वाटतं. मग स्वतःची लाज वाटते, की पुन्हा बरणी."

मावशी बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुला गोडाची भूक नाहीये, विदे. तुला 'आलीस का गं'ची भूक आहे. ती बरणीत कुठून असणार?"

निघताना त्यांनी चेरीची बरणी सरळ काखेत मारली.

"आजपासून बरणी माझ्याकडे, चमचा तुझ्याकडे. खावंसं वाटलं, जीव घाबरा झाला, की चमचा घेऊन माझ्या दारी यायचं."

"आणि तुम्ही काय देणार?"

"पाहुण्याला देतात तेच. एक चमचा, एक पेला पाणी आणि वर माझी कटकट."

तेव्हापासून मी विदाच्या कोटाच्या खिशातून रोज समोरच्या घरी जाऊ लागलो. विदाने दार वाजवलं की आतून आवाज यायचा, "आलीस का गं?" पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा 'आले, आले' म्हणतच तिने दार ढकललं. मग एक चमचा, पाणी, आणि मी पेल्यात. किती काळाने मला रीतीने पाणी मिळत होतं! कधी विदा स्थानकावरच क्रीमचे गोड वेफर खाऊन यायची आणि मान खाली घालून सांगायची. मावशी म्हणायच्या, "खाल्लेस तर खाल्लेस, त्याने आभाळ कोसळलं नाही. आधी सांग, आज ओरडलं कोण?"

उन्हाळ्याच्या तोंडावर नेवेनाचा फोन आला. रजा नामंजूर झाली होती, ती येणार नव्हती. विदाने तिच्यासाठी खोलीसुद्धा लावून ठेवली होती. "असू दे गं, काम महत्त्वाचं," असं म्हणून तिने फोन ठेवला. मग खण उघडला आणि मला इतकं घट्ट धरलं की माझा दांडा वाकतो की काय, असं वाटलं. तिने समोरचं दार वाजवलं. आतून आवाज आला नाही. पुन्हा वाजवलं. मावशी घरात नव्हत्या. आता ही कोपऱ्यावरच्या दुकानात जाणार आणि नवी बरणी घेणार, या भीतीने मी गारठलो. विदा खाली उतरली. दुकानापाशी थांबली. दुकानाच्या दारातून ताज्या पेस्ट्रीचा वास येत होता. ती किती वेळ तशीच उभी होती, देव जाणे. मग वळली आणि नदीकडे चालायला लागली.

ग्रादात्स नदीच्या काठी मावशींचे भाजीचे वाफे आहेत. त्या घेवड्याचे वेल काठ्यांना बांधत होत्या.

"नेवेना येत नाहीये," विदा लांबूनच म्हणाली.

मावशींनी सुतळीचा गुंडा तिच्या हातात दिला. "धर हे. रडायचं तर रड, पण वेल सैल बांध. आवळलास तर मरेल."

विदा रडत रडत बांधत राहिली. लेकीवर चिडली, तिहोमीरवर चिडली, त्या वृद्धाश्रमाच्या साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ऊन उतरेपर्यंत अख्खी रांग बांधून झाली होती. मग मावशींनी विचारलं, "चमचा आणलायस का? घरी जाऊन चेरी काढते."

विदाने खिसा चाचपला. "आणलाय. पण राहू दे. नुसतं पाणीच द्या."

त्या दिवसापासून मी खिशात असायचो, पण बाहेर क्वचितच निघायचो. आणि मग एका दुपारी विदा समोरच्या घरी गेली ती मला न घेताच. खण अर्धा उघडा होता. मी वाट पाहिली. वाटलं, अर्ध्या वाटेवरून परतेल, "अगंबाई, चमचा राहिला" म्हणेल. ती परतली नाही. पलीकडून दोघींच्या हसण्याचा आवाज मात्र आला.

डॉक्टर आता सुयांचं नाव काढत नाहीत. मी खणात पडून काळवंडतोय. बाकीचे पाच भाऊ झोपलेले असतात, मला मात्र झोप येत नाही. विदाच्या बोटांची आठवण येते. तिच्या सगळ्यात वाईट दिवसांत तिच्याजवळ दुसरं कुणी नव्हतं, मी होतो. ते दिवस परत यावेत असं कोण म्हणेल? पण ते बोट, तो तळवा, ती मूठ, यांच्यावाचून माझा जीव तळमळतो, हे खोटं कशाला सांगू?

विदा, कधी हा खण उघडलास तर माझ्याकडे बघ. उचल, घास, चकाकव, वाट्टेल तेवढा वेळ हातात धर. पण मला बाहेर काढशील तेव्हा तुझ्या दारात कुणीतरी उभं असू दे. आणि कुणी नसेल, तर माझ्याकडे पाठ फिरव आणि समोरचं दार वाजव. मी इथेच आहे. मला विसरत जा.