नियम चौथा

बोलिव्हियात, ला पासमधल्या ज्या गेस्टहाउसमध्ये मी काम करते, तिथल्या भिंतीवरचा चौथा नियम मीच लिहिला होता. पाहुण्यांच्या भाषेत, सुवाच्य अक्षरात: बाजारात एखाद्या मुलाने तुमचा हात धरला तर ती चोरांची चाल समजा. हात झटका, बॅग छातीशी धरा, थांबू नका.

लिहिताना मालक माझ्या मागे उभे होते, आम्ही त्यांना मानाने डॉन रेमिहिओ म्हणतो. "अजून जरा घाबरव गं. घाबरलेला पाहुणा पायी फिरत नाही, आपली गाडी घेतो."

मी कॉलेज शिकलेली. घाबरवणं छान जमलं.

शनिवारी सकाळी लुसेरोला घेऊन वरच्या बाजारात गेले. माझी मुलगी, पाच वर्षांची. बटाटे मोजून झाले आणि बटाटेवाली बासिलिया नेहमीचे वरचे दोन टाकेना.

"मी काय आजची गिऱ्हाईक आहे का?"

"टाकते गं बाई! पण निवडतेस किती? नवरा तरी इतका निवडला होतास का?"

आम्ही हसलो. दोनाचे तीन बटाटे पिशवीत पडले. खाली हात केला, तर हाताला हात नव्हता.

पुढचं काय सांगू? ती गर्दी, ते चढ, आणि माझा फाटलेला आवाज. बासिलिया दुकान उघडं टाकून ओरडत पळत होती. वीस मिनिटांनी झाडपाला विकणाऱ्या एका बाईजवळ लुसेरो सापडली. गुडघा फुटलेला, रडून रडून हुंदके संपलेले.

"तू सांगितलंस तसंच केलं आई," ती म्हणाली. "मावशीचा हात धरला."

आमच्याकडे प्रत्येक पोराला हेच शिकवतात. हरवलास तर कुठल्याही बाईचा हात धर, मावशी म्हण आणि सोडू नकोस. ती बाई आई येईपर्यंत तुझी.

"कुठली मावशी?"

"आपलीच. तिच्या गळ्यात आपली पिवळी फीत होती." आमच्या पाहुण्यांच्या किल्ल्या पिवळ्या फितीत असतात. "तिने ढकललं. मी परत धरला, तर ओरडली."

झाडपालावाली म्हणाली, "चोर चोर म्हणत होती बया. एवढ्याशा पोरीला!"

मी गेस्टहाउसपर्यंत लुसेरोला कडेवर घेऊन उतरले. थकवा जाणवलाच नाही, डोकं नुसतं भणभणत होतं.

जेवणाच्या टेबलाशी क्लेअर नावाची पाहुणी सगळ्यांना रंगवून सांगत होती. मला पाहताच उठली. "तुझ्यामुळे वाचले आज! एक पोरगी हात सोडेना. मला लगेच चौथा नियम आठवला!"

लुसेरोने माझ्या मानेत तोंड खुपसलं.

"हीच ती पोरगी," मी म्हणाले. "हरवली होती. तुझ्या किल्लीची फीत ओळखून तुझ्याकडे आली होती. गुडघा बघ तिचा. बघ ना!"

क्लेअर पांढरी पडली. म्हणाली, "पण... तूच लिहिलं होतंस."

ते खरं होतं म्हणून मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

मी खुर्चीवर चढले, भिंतीवरचा कागद ओढून काढला आणि चौथा नियम जाड पेनाने खोडला. कागद फाटेपर्यंत खोडला.

"अगं, वेड लागलं का?" डॉन रेमिहिओ धावत आले. "उद्या कुणाची बॅग गेली तर?"

"जाऊ दे बॅग! तुमची नात असती तर हेच विचारलं असतंत?"

"नोकरी जाईल हं, पोरी."

"मग तो नियम तुम्ही लिहा, तुमच्या अक्षरात. खाली तुमचं नावही घाला."

क्लेअर गुडघ्यांवर बसली होती, लुसेरोपुढे हात पसरून. "सॉरी, सॉरी," एवढंच म्हणत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मला दिसत होतं.

लुसेरोने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि तिथेच घट्ट धरून ठेवले.

एरवी मी म्हटलं असतं, असं करू नये बाळा, मावशी आहे. त्या दिवशी म्हटलं नाही. आता मीच घाबरून आहे. परत हरवली तर ही कुणाचा हात धरेल?